शाळा सुटल्यानंतरचे तास

शाळा सुटते ती वेळ आणि आईबाप कामावरून घरी परततात ती वेळ, या दोहोंच्या मध्ये जे तीन-चार तास पडतात, त्यांना आपल्या समाजात कोणी वाली नाही. शाळेची जबाबदारी घंटेबरोबर संपते, घराची जबाबदारी घरात मोठे माणूस आल्यावाचून सुरू होत नाही, आणि ज्या रस्त्यांवर व मैदानांवर हा काळ जातो त्यांची मालकी असलेल्या नगरपालिकेच्या दफ्तरी या तासांची नोंद सापडत नाही. सुखवस्तू कुटुंबांनी शिकवणी, पोहण्याचा तलाव, तबल्याचा वर्ग असे आपल्यापुरते उपाय केव्हाच योजून ठेवले आहेत. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांची मुले गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या टपरीजवळ, कोणाच्या तरी मोबाईलभोवती कोंडाळे करून हा काळ घालवितात, आणि मुली असल्या तर धाकट्या भावंडाला सांभाळीत, नळावर नंबर लावीत तो संपवितात. अशा मुलांसाठी सायंकाळचे केंद्र काढावे असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी, आणि स्वतः काढणे शक्य नसले तरी चालू केंद्राच्या पाठीशी उभे राहण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठीही, हे चार शब्द लिहीत आहे. माझा आग्रह एकच आहे. ठरल्या ठिकाणी, ठरल्या वेळी, ओळखीचे तेच मोठे माणूस मुलाला रोज भेटले पाहिजे. जागा, साहित्य, अभ्यासक्रम, देणग्या आणि समित्या यांचे प्रयोजन ही भेट घडवून आणण्यापुरतेच आहे, आणि पुढील प्रत्येक सूचना वाचकांनी याच कसोटीवर घासून घ्यावी.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांना दिवसाची शाळा निरुपयोगी आहे हे ओळखून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात रात्रशाळा काढली, तेव्हाच शिक्षणाची वेळ शिकणाऱ्याच्या सोयीने ठरावी हा दंडक आपल्याकडे घातला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या हातून वाढलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र याच दंडकाने चालले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच शाळाच कुरणावर गेली आणि कुरणशाळा जन्मास आली. परंतु सायंकाळच्या केंद्राला सर्वांत जवळचे उदाहरण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयाचे आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तेथे शिक्षक होते, आणि वर्गात ते उत्तम शिकवीत यात शंका नाही. पण मुलांच्या मनावर त्यांचा जो अंमल बसला तो छात्रालयातील सकाळ-संध्याकाळच्या तासांत बसला. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही कामे ते करीत, आणि मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत. त्यांच्या अंगचे वात्सल्य मागून कोणाला मिळणार नाही. ते हस्तलिखित दैनिक मात्र आजच्या कोणत्याही केंद्राला चालविता येईल. काल सायकल कोणाला आली, लगोरीत कोण जिंकले, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणता मुलगा तापाने निजून आहे, हे मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून मुले येण्यापूर्वी भिंतीवर लावून ठेवावे. पुस्तक पाहताच तोंड फिरविणारा मुलगाही त्या कागदात आपले नाव आले आहे की काय हे पाहण्यासाठी भिंतीजवळ जातो, बोट फिरवीत अक्षरे जुळवितो, आणि नाव सापडले की शेजारच्या मुलाला ओढून आणून दाखवितो. वाचनाची गोडी लावण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

केंद्र काढण्याचे मनात येताच फळा, सतरंज्या आणि खेळाचे साहित्य घेण्यासाठी बाजार गाठावासा वाटतो. तो मोह आवरून आधी महिनाभर वस्तीत हिंडावे, आणि तेही ज्या वेळी केंद्र चालवायचे त्याच वेळी हिंडावे. महानगरपालिकांच्या पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळपाळीचे मूल दुपारीच मोकळे होते आणि दुपारपाळीचे दिवेलागणीच्या सुमारास घरी पोहोचते, त्यामुळे पाच ते सात अशी एकच वेळ ठरवून बसणाऱ्या संस्थेला निम्मी मुले कधी भेटतच नाहीत. पाणी किती वाजता येते, मदरशाचे किंवा भजनाचे तास केव्हा असतात, बाजाराचा वार कोणता, आया धुण्याभांड्यांच्या कामावरून केव्हा परततात, हे सारे विचारून लिहून घ्यावे. गावोगावी हे वेळापत्रक ऋतुमानाप्रमाणे पालटते. बीड जिल्ह्यातील ज्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्या गावांत मागे आजीआजोबांजवळ राहिलेल्या मुलांना मोठ्या माणसाच्या सोबतीची खरी निकड हिवाळ्याच्या त्या महिन्यांतच भासते. तेथे जूनमध्ये वाजतगाजत केंद्र उघडून हिवाळ्यात ते सैल सोडणे म्हणजे गरजेच्या वेळी पाठ फिरविणे होय. मुलांनाही विचारावे. तुम्हांला येथे काय हवे, असे विचारले तर ती संकोचून गप्प राहतात; काल शाळा सुटल्यावर तू काय काय केलेस, असे विचारले की ती भरभरून बोलू लागतात, आणि त्या बोलण्यात केंद्राचा सारा आराखडा हाती येतो.

जागेच्या बाबतीत नवी इमारत उभारण्याच्या भरीस कोणी पडू नये. सायंकाळी रिकाम्या पडणाऱ्या वास्तू आपल्याकडे विपुल आहेत. शाहीन मिस्त्री यांनी १९९१ साली मुंबईत ‘आकांक्षा’चे काम सुरू केले ते शाळेच्या वर्गखोल्या सुटीनंतर मोकळ्या असतात आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपाशी वेळ असतो, या दोन साध्या गोष्टींची सांगड घालून; आणि पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने स्वतःची प्रशाला काढण्यापूर्वी काही वर्षे अन्य शाळांतील मुलांना शाळेच्या वेळेबाहेर एकत्र आणूनच काम केले. शाळेची खोली हवी असल्यास मुख्याध्यापकांना भेटावे, पण तेवढ्यावर थांबू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये ज्या शाळांत व्यवस्थापन समिती असते त्या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या पालकांची अनुकूलता आधी मिळविली की परवानगीचा अर्ज फार काळ टेबलावर पडून राहत नाही. शाळा न मिळाल्यास सार्वजनिक वाचनालय, समाजमंदिर, गणेशोत्सव मंडळाची खोली, तालीम, सहकारी गृहसंस्थेचे सभागृह, यांपैकी काहीतरी मिळतेच. एक गोष्ट मात्र निक्षून पाहावी. त्या जागेचा उंबरठा वस्तीतील प्रत्येक जातीचे व प्रत्येक धर्माचे मूल निःसंकोच ओलांडते की नाही? देवळाचा सभामंडप प्रशस्त आणि विनामूल्य असतो, पण पलीकडच्या आळीतील मुले पायरीशी घुटमळत असतील तर ती जागा आपल्या कामाची नाही. स्वच्छतागृहाचे दार आतून लागते का, दिवा आहे का, वीज गेली तर सोय काय, आणि मुलींना परत जाण्याचा रस्ता उजेडाचा आहे का, हेही पहिल्याच भेटीत पाहून घ्यावे. जागा देणाराकडून वेळ, किल्ली, वीजबिल आणि नुकसानभरपाई यांविषयीचा साधा करारनामा लिहून घ्यावा. तोंडी दिलेली जागा पहिल्या लग्नसराईत हातची जाते.

आता सर्वांत महत्त्वाच्या विषयाकडे, म्हणजे केंद्र चालविणाऱ्या माणसाकडे वळतो. आपल्याकडे सेवाभावाचे कौतुक इतके आहे, की सायंकाळचे काम कोणीतरी फावल्या वेळी विनामूल्य करावे असे गृहीतच धरले जाते. महाविद्यालयातील तरुण उत्साहाने येतात, मुलांना लळा लावतात, आणि ऑक्टोबरच्या परीक्षा आल्या की दिसेनासे होतात. त्यांचा दोष नाही, त्यांचे आयुष्य त्यांना पुढे नेत असते. परंतु ज्या मुलाच्या घरातून बाप निघून गेला आहे किंवा ज्याची शाळा तीनदा बदलली आहे, त्याला हा विरह आणखी एका माणसाने आपल्याला सोडल्यासारखा लागतो. म्हणून केंद्राचा कणा मानधनावर नेमलेला असावा, आणि स्वयंसेवकांनी त्याच्या अवतीभवती उभे राहावे. हा कणा शक्यतो त्याच वस्तीतला असावा. बारावी झालेली, लग्नानंतर शिक्षण तुटलेली, दोन लेकरांची आई असलेली एखादी ताई या कामाला पदवीधर परक्या माणसापेक्षा पुष्कळदा अधिक योग्य ठरते, कारण मूल दोन दिवस आले नाही तर कोणत्या घराची कडी वाजवायची हे तिला ठाऊक असते आणि त्या घरात तिला पाणी विचारले जाते. तिला प्रशिक्षण द्यावे, दर आठवड्याला तिच्याशी तासभर निवांत बोलणारा कोणी जाणता माणूस असावा, आणि तिचे मानधन महिन्याच्या ठरल्या तारखेस तिच्या बँक खात्यात जमा व्हावे. वीस-पंचवीस मुलांमागे असे एक माणूस आणि केंद्रावर कोणत्याही वेळी किमान दोन मोठी माणसे, याहून कमी मनुष्यबळावर केंद्र उघडू नये. पैसे कमी असतील तर मुले कमी घ्यावीत. शाळेतल्या शिक्षकांची मदत सल्ल्यासाठी अवश्य घ्यावी, पण त्यांना पैसे देऊन शिकविण्यास बोलावू नये, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे.

केंद्रावरील दोन-अडीच तासांचा क्रम कसा असावा याविषयी पुष्कळ लिहिता येईल. मी अनुभवास उतरलेले तेवढेच सांगतो. मूल येते ते भुकेलेले असते. शाळेतल्या दुपारच्या आहाराला बराच वेळ झालेला असतो, आणि खासगी शाळेतील मुलाने डबा नेला असेलच असेही नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे व गूळ, चणे-कुरमुरे, उसळ किंवा केळे, यांपैकी काहीही चालेल. मात्र ते आल्याबरोबर द्यावे. शेवटी खाऊ ठेवला की तो थांबल्याचे बक्षीस होतो, आणि मुलाचे सारे लक्ष डब्याकडे राहते. खाण्यानंतर खेळ. पाच-सहा तास बाकावर बसून आलेल्या शरीराला पुन्हा बसविणे हा अन्याय आहे. लंगडी, लगोरी, खो-खो, कबड्डी यांना एक चेंडू, काही खापऱ्या आणि रांगोळीने आखलेल्या रेषा पुरतात, आणि यांतील कोणताही खेळ मुलामुलींना एकत्र खेळता येतो.

मग अभ्यास. येथे पालकांची अपेक्षा आणि मुलाची गरज यांत अंतर पडते. गृहपाठ पूर्ण करून पाठवा, असे पालक म्हणतात, आणि सातवीतल्या मुलाच्या वहीत सातवीची उत्तरे कोणाच्या तरी वहीतून उतरून दिली की सर्वांचे समाधान होते. पण त्याच मुलासमोर दुसरीच्या पुस्तकातील गोष्ट ठेवावी तर तो दुसऱ्या ओळीवर अडखळतो. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून देशभर जी ‘असर’ पाहणी चालविली तिची वाचन-चाचणी अशा वेळी उपयोगी पडते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढ्या चार पायऱ्या असतात, आणि एका मुलाची पायरी ओळखण्यास काही मिनिटे पुरतात. केंद्रात मुले इयत्तेप्रमाणे बसवू नयेत. पायरीप्रमाणे बसवावीत, दर दोन-तीन महिन्यांनी पायरी पुन्हा पाहावी, आणि मोठा मुलगा लहानांच्या गटात बसला म्हणून त्याला ओशाळवाणे वाटू नये यासाठी त्याला त्या गटाची वाचनपेटी सांभाळण्यास द्यावी. वाचनपेटी कुलुपात राहू नये. पुस्तके फाटतील, हरवतील. वर्षाच्या अंदाजपत्रकात त्या हानीची तरतूद आधीच करून ठेवावी. उरलेला वेळ हातांना काम देण्यात जावा. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटी, सायकलची नळी, वर्तमानपत्र, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखविली आहेत आणि त्यांच्या कृती मराठीतही उपलब्ध आहेत. एका खेळण्याने जो प्रश्न मुलाच्या मनात उत्पन्न होतो तो आठ पानांच्या धड्याने होत नाही.

मुलींविषयी स्वतंत्र लिहिणे आवश्यक आहे. एका केंद्राच्या दारात मी सहावीतली एक मुलगी कडेवर वर्षाचा भाऊ घेऊन उभी असलेली पाहिली. लहान मुलांना प्रवेश नाही अशी पाटी आत होती, आणि ती पाटी वाचता येत असल्यामुळेच ती उंबऱ्याबाहेर थांबली होती. ताईने उठून त्या मुलाला आपल्या मांडीवर घेतले, मुलगी आत येऊन चित्रे काढण्यास बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात एक सतरंजी व चार खुळखुळे आले. पाटी अर्थातच निघाली. ज्या केंद्रात धाकट्या भावंडांना जागा नाही, तेथे थोरल्या बहिणींना जागा नाही असेच समजावे. मुलगी वयात आली की घरचे तिला पाठवावयाचे थांबवितात. त्या वेळी केंद्राने पत्रक पाठवून भागत नाही, ताईने घरी जाऊन आईशी बोलावे, परतताना मुलींना सोबत कोण करणार हे नाव घेऊन सांगावे, आणि शक्य तर आईलाच आठवड्यातून एकदा केंद्रावर येण्यास सांगावे. पालकसभा दुपारी घेण्याची चाल सोडून द्यावी. कामकरी आईला रात्रीचे साडेआठ सोयीचे असतात, तर सभा साडेआठला भरवावी.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. आठव्या इयत्तेपर्यंत टिकलेला मुलगा नववीत केंद्राकडे पाठ फिरवितो, कारण तेथे त्याला अजून लहान मूल म्हणून वागविले जाते. त्याला खाऊ नको असतो, मान हवा असतो. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी महाराष्ट्रातील हजारो किशोरांना धरून ठेवले त्याचे रहस्य माझ्या मते यातच आहे, की तेथे किशोराला कोणाचे तरी नेतृत्व करण्यास मिळे. केंद्रातही या वयाच्या मुलामुलींकडे खरी कामे सोपवावीत, आणि खरी म्हणजे जी त्यांनी न केल्यास अडेल अशी: हजेरीपत्रक लिहिणे, वाचनपेटीची देवघेव सांभाळणे, खाऊचा बाजार आणून हिशेब देणे, लहानांच्या गटाला खेळ शिकविणे, सहलीचा खर्च ठरविणे. हिशेबात चूक झाली तर ती त्यांनाच दुरुस्त करू द्यावी. दहावीच्या वर्षात त्यांना शांत अभ्यासिका लागते, कारण दहा बाय दहाच्या खोलीत दूरदर्शन संच आणि पाहुणे यांच्यामध्ये बसून गणित सुटत नाही. रात्री दहापर्यंत उघडी राहणारी एक उजेडाची खोली आणि दारात बसलेला एक जबाबदार माणूस, एवढ्यावर अनेकांचे वर्ष निभावते. दहावीनंतर काय, या विषयावर औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन, परिचर्येचे शिक्षण यांची माहिती घेऊन त्याच वस्तीतून पुढे गेलेल्या दादा-ताईंना बोलवावे. परक्या वक्त्याच्या व्याख्यानापेक्षा शेजारच्या चाळीतल्या वायरमनचे बोलणे ही मुले कान देऊन ऐकतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत भिडस्तपणाला मुळीच थारा देऊ नये. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची, तो देणगीदाराचा चिरंजीव असला तरी, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. कोणत्याही प्रौढाने एका मुलासोबत बंद खोलीत एकटे बसू नये. आणि मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीवाचून कोठेही जाऊ नयेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती ज्याला होते त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविणे हा स्वतंत्र अपराध आहे. घरातली गोष्ट घरात मिटवू, संस्थेचे नाव खराब होईल, असे म्हणणाऱ्या विश्वस्ताला हे कलम वाचून दाखवावे. संकटातील मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवावा, आणि तो कशासाठी आहे हे त्यांना वर्षातून अनेकदा सांगावे.

संस्थेच्या नोंदणीची घाई करू नये. पहिले वर्ष एखाद्या जुन्या वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या छत्राखाली काम करावे. काम उभे राहिले, माणसे टिकली, म्हणजे सात किंवा अधिक सभासद मिळून १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी. दफ्तर मात्र पहिल्या दिवसापासून चोख असावे. रोजकीर्द रोज लिहावी, प्रत्येक वर्गणीची पावती फाडावी, बँकेचे खाते दोन सह्यांचे असावे, आणि महिन्याचा जमाखर्च केंद्राच्या भिंतीवर लावावा. वस्तीतले लोक तो कागद थांबून वाचतात, आणि शेंगदाण्याचा भाव इतका कसा, असे विचारतात. विचारू द्यावे, तो प्रश्न ज्याच्या तोंडून आला तो माणूस पुढे केंद्राचा राखणदार होतो.

आता पाठीशी उभे राहणाऱ्यांसाठी. दात्यांना वस्तू देणे आवडते, कारण वस्तू दिसते. जूनमध्ये दप्तरे, ऑगस्टमध्ये वह्या, डिसेंबरमध्ये ब्लँकेटे, असे वाटपाचे कार्यक्रम होतात आणि मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे घेतली जातात. पण ताईचे मानधन, वीजबिल आणि शेंगदाणे यांसाठी कोणी पाकीट आणीत नाही. ज्यांना खरोखर साहाय्य करावयाचे आहे त्यांनी एका ताईच्या मानधनाचा भार तीन वर्षांसाठी उचलावा, आणि तो शब्द लेखी द्यावा. एका कुटुंबाला ते झेपणारे नसेल, तर आठ-दहा कुटुंबांनी मिळून दरमहा वर्गणी घालावी. आपल्या समाजाला भिशीची सवय आहे, ती येथे कामी येते. कारखान्यांच्या बाबतीत २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग आहे, आणि शिक्षण त्यात बसते. परंतु तो पैसा पुष्कळदा मार्चअखेरीच्या हिशेबाने येतो आणि पुढील वर्षी येईलच असा भरवसा नसतो. म्हणून अशा पैशातून सामान, पुस्तके, प्रशिक्षण यांसारखे एकवेळचे खर्च करावेत, आणि माणसांचे मानधन शक्य तेवढे स्थानिक वर्गणीवर ठेवावे. परदेशांतील मराठी बांधवांकडून पैसा घेताना, भारतीय नागरिकत्व राखून असलेला आप्त आणि परदेशी नागरिकत्व घेतलेला आप्त यांच्या देणग्यांना कायद्याने वेगळे मानले आहे हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या प्रकारची देणगी २०१० च्या विदेशी अंशदान अधिनियमाखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी यांवाचून स्वीकारता येत नाही. ज्यांच्यापाशी पैसा नाही पण विद्या आहे, त्यांनी ताईच्या प्रशिक्षणाला, हिशेबतपासणीला, मुलांच्या डोळ्यांच्या व दातांच्या तपासणीला वेळ द्यावा. निवृत्त लेखापालाने महिन्यातून एक दुपार दिली तरी संस्थेचे पुष्कळ काम हलके होते.

काम चांगले चालले आहे हे कशावरून ओळखावे? परीक्षेच्या गुणांवर भिस्त ठेवू नये, कारण त्यांत शाळेचा, घराचा आणि नशिबाचा वाटा मिसळलेला असतो. जूनमध्ये नाव घातलेल्या मुलांपैकी फेब्रुवारीत किती येतात, वाचनाची पायरी किती जणांची चढली, मुलींचे प्रमाण वर्षअखेर घसरले की टिकले, आणि वर्षभरात किती ताया सोडून गेल्या, या चार गोष्टी हजेरीपत्रकावरून व नोंदवहीवरून कोणालाही काढता येतात. यांतील शेवटची नोंद कोणतीही संस्था अहवालात छापीत नाही. दात्याने तीच आधी विचारावी.

राहता राहिला एक अप्रिय विषय. कधी जागा जाते, कधी वस्तीच उठविली जाते, कधी पैसा संपतो, आणि केंद्र बंद करावे लागते. अशा वेळी एका सोमवारी मुलांनी यावे आणि दाराला कुलूप पाहावे, असे होऊ देऊ नये. बंद होण्याची तारीख ठरताच निदान दोन महिने आधी मुलांना व पालकांना सांगावे, कारण काय ते खरे सांगावे, दहावीच्या मुलांची सोय जवळच्या अभ्यासिकेत आधी लावावी, उरलेल्या मुलांना शेजारच्या केंद्रावर ताईने स्वतः हाताला धरून नेऊन पोहोचवावे, वाचनपेटी आणि खेळाचे साहित्य नोंदणीपुस्तकाप्रमाणे मोजून त्या केंद्राच्या ताब्यात द्यावे, ताईचे शेवटच्या महिन्याचे मानधन चुकते करावे, आणि शिल्लक रकमेचा हिशेब भिंतीवर लावून मगच जागेची किल्ली मालकाच्या हाती परत करावी.